डाव्या बिजागरीची पिन

१

शुक्रवारी सकाळी आठ वाजता भीमराज पाईकरावांचं विमान पडलं. दहा वाजता फौजदार वाठोऱ्यांना धावपट्टीच्या मातीत एक झिजलेली पिन सापडली. दुपारी एकच्या सुमारास वसमतच्या संतराम पवारला त्याच्या लेथ मशीनवरून उठवून पोलिसांच्या जीपमध्ये बसवलं.

बाजार भरलेला होता. हळदीच्या पोत्यांवर बसलेली माणसं उठून उभी राहिली.

"तीन पिना केल्या मी, साहेब! तीन!" संतराम ओरडत होता. "देवाशपथ तीन!"

कोणी ऐकलं नाही. जीप हलायच्या आत पहिला दगड त्याच्या दुकानाच्या फळीवर बसला.

लोकांचा राग समजण्यासारखा होता. हवाई दलात तीस वर्षं विमानांचे सांगाडे दुरुस्त करून भीमराज गावी परतले होते, आणि त्यानंतर सात वर्षं खपून त्यांनी स्वतःच्या हातानं एका माणसाचं विमान बांधलं होतं. लाकडाच्या फासळ्या, वर ताणून रंगवलेलं कापड, पुढं छोटं इंजिन. सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडं तातेराव सवंडकरांची सपाट पडीक जमीन होती. तीच धावपट्टी. कडेला पत्र्याचं शेड होतं, तेही तातेरावांचंच. दोन वर्षं ते विमान जमिनीलगत सशासारख्या उड्या मारत होतं आणि शाळांच्या सहली ते बघायला येत होत्या.

विमानाच्या शेपटीला एक आडवी फळी असते. चालकाच्या हातातल्या दांड्यानं ती वरखाली हलवली की विमानाचं नाक उचलतं किंवा खाली जातं. भीमराजच्या विमानात ही फळी तीन बिजागऱ्यांवर टांगलेली होती. काळ्या मातीची धूळ तेलात कालवली जाऊन बिजागऱ्यांत शिरली, आतून पिना खात राहिली, आणि जानेवारीत फळी खडखड हलायला लागली. भीमराजनी उड्या बंद केल्या. बिजागऱ्या उतरवल्या. नवे पितळी बुश, म्हणजे पिन जिच्यात बसते ती नळी, आणि नव्या पोलादी पिना करायचं काम संतरामला दिलं. बुधवारी सगळं परत जोडलं आणि शुक्रवारी, पाहुण्यांसमोर, विमान पहिल्यांदा खरं वर गेलं.

पंचवीस फुटांवर शेपटी थरथरू लागली. फळीचं डावं टोक सुटून फडफडलं, बाकीच्या दोन बिजागऱ्या उखडल्या, आणि विमान नाकावर आलं.

डावी बिजागरी रिकामी होती. तिची पिन म्हणून जी सापडली, ती जुनी, झिजून बारीक झालेली. अर्थ उघड होता. संतरामनं दोनच पिना नव्या केल्या आणि तिसरी जुनीच चमकवून दिली.

भीमराज नांदेडच्या दवाखान्यात बेशुद्ध पडले होते. डोक्याला मार होता. डॉक्टर काही सांगत नव्हते.

२

फौजदार नरसिंग वाठोरे सरळ माणूस होते, पण यंत्रातलं त्यांना काही कळत नव्हतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. शनिवारी सकाळी त्यांनी हिंगोलीहून पल्लवी इंगोलेला बोलावून घेतलं. ती आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवायची. वय एकतीस. कनेरगाव नाक्यावर ट्रकचे स्प्रिंगचे पाटे दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीची लेक. लहानपणापासून बापाच्या मांडीशी बसून तिनं मोडक्या लोखंडाकडं बघायला शिकून घेतलं होतं.

"मॅडम, एवढं बघा आणि लिहून द्या, की ही जुनी पिन आहे," वाठोरे म्हणाले. "म्हणजे माझं काम झालं."

पल्लवीनं कागदाच्या पुडीतून पिन काढली. बोटांत धरून हळूहळू फिरवली. पुन्हा फिरवली. मग पर्समधून मापाची पट्टी काढून लांबी मोजली.

"जुनी आहे," ती म्हणाली. "पण मला आधी संतरामशी बोलू द्या."

संतराम कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. पन्नाशीचा, काटकुळा. नखांत ग्रीस होतं. तो उठला नाही.

"तुमी बी तेच इचारणार. दोन केल्या का तीन."

"नाही. मला सांगा, जुन्या पिना कुठं आहेत?"

त्यानं मान वर केली. हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता.

"माझ्याकडंच की. नमुन्याला ठेवून घेतल्या होत्या. त्यांच्या मापावरच तर नव्या केल्या. लेथच्या खाली चहाचा डबा हाय, त्यात तिन्ही."

"तिन्ही?"

"व्हय. पाईकराव मामा म्हणले, राहू दे तुझ्याकडं, पुन्हा लागतील."

वाठोरे बाहेर आल्यावर हसले. "जुन्या पिना कोणत्याही दाखवील तो. दुकानात भंगाराला काय तोटा?"

"दाखवू दे तर," पल्लवी म्हणाली.

संतरामच्या दुकानाची फळी फुटली होती. खिळे, पाने, पितळेचा कीस, सगळं जमिनीवर सांडलेलं. पल्लवी गुडघ्यांवर बसली आणि लेथखाली हात घातला. डबा होता. आत वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेल्या तीन पिना.

तिनं त्या दारातल्या उजेडात नेल्या आणि पोलिसांची चौथी पिन त्यांच्या शेजारी ठेवली.

"साहेब, शेपटीची फळी किती हलते? थोडी वर, थोडी खाली. ती पूर्ण गोल कधीच फिरत नाही. म्हणजे तिची पिन झिजली तर कशी झिजेल?"

वाठोऱ्यांनी डब्यातली एक पिन उचलून डोळ्याजवळ नेली.

"एका अंगानं खाल्लेली दिसती."

"तिन्ही तशाच. एका बाजूला खड्डा, दुसरी बाजू कोरी. आता तुमची बघा."

पोलिसांच्या पिनेच्या मधोमध सगळीकडून सारखी खाच पडली होती, गळ्याला दोरा आवळून बांधावा तशी.

"हिच्यावर काहीतरी गोल गोल फिरत होतं," पल्लवी म्हणाली. "वर्षानुवर्षं. एखादं चाक, एखादी कप्पी. जाडी तेवढीच आहे, पण लांबी एक सूत जास्त. आणि कोरडी ठणठणीत. नव्या बुशमध्ये एक रात्र जरी राहिली असती तरी तेल लागलं असतं. साहेब, ही पिन विमानात कधी नव्हतीच."

"मग धावपट्टीवर कशी आली?"

"कोणीतरी आणून टाकली. विमान पडल्यावर, आणि तुम्ही पोचायच्या आधी."

३

आठ ते दहा. त्या दोन तासांत मैदानावर तीनच माणसं अशी होती ज्यांना विमानाची बारीकसारीक माहिती होती. भीमराजची बायको राणी, त्यांच्या हाताखाली काम शिकलेला साखर कारखान्यातला फिटर शंकरसिंग राठोड, आणि जमिनीचे मालक तातेराव.

राणी नांदेडच्या दवाखान्यात होती. जाळीच्या दारापाशी बाकावर बसून ती प्रत्येक येणाऱ्या नर्सच्या चेहऱ्याकडं बघत होती. पल्लवी तिच्या शेजारी बसली.

"वहिनी, गुरुवारी संध्याकाळी दादा घरी काय बोलले, आठवतंय?"

"आठवत काहून न्हाई? जेवताना तेच चालू होतं त्यांचं." राणीनं पदरानं तोंड पुसलं. "म्हणले, फळी जड चालू राहिली. तिन्ही बिजागऱ्या नव्या झाल्या, पण डावी केसभर वाकडी बसली. म्हणून म्हणे तिची पिन काढून ठेवली. सकाळी शंकरसिंग बुश जरा घासील आन् घालील."

 "काढून कुठं ठेवली?"

"शेडात, तेलाच्या वाटीत. आन् चिंधी बांधली."

"कसली चिंधी?"

"लाल. ती त्यांची लष्करातली सवय. विमानाचा कायबी भाग काढला, की दांड्याला लाल चिंधी बांधायची. भाग परत बसल्याशिवाय चिंधी सोडायची न्हाई. ज्यानं भाग बसवला त्यानंच सोडायची. माझ्या जुन्या लुगड्याच्या मीच फाडून द्यायची. गुरुवारी बी दिली."

"हे पोलिसांना सांगितलं?"

"मला कोणी इचारलंच न्हाई, ताई."

 विमानाचे तुकडे पल्लवीनं येताना पाहिले होते. हाताचा दांडा शाबूत होता. त्याला झेंडूचा हार होता, पण चिंधी नव्हती.

म्हणजे डावी बिजागरी उड्डाणाआधीच रिकामी होती, आणि तरीही चिंधी सुटलेली होती.

"शंकरसिंग कुठं आहे, वहिनी? तोच तुमच्यासोबत जीपमध्ये आला ना?"

"आला. रात्रभर इथंच होता, पोरावानी." राणीनं इकडंतिकडं पाहिलं. "सकाळी डॉक्टर म्हणले, पाईकरावला शुद्ध येती का ते दोन दिवसांत कळंल. ते ऐकलं आन् पोरगं उठून गेलं. कुठं गेलं, सांगितलं न्हाई."

दार उघडलं. नर्सनं राणीला हाक मारली, आणि तिच्या मागोमाग दोन डॉक्टर धावतच आत गेले.

४

डोक्यात रक्त साकळलं होतं. शस्त्रक्रिया करावी लागणार होती. राणीनं कागदावर सही केली तेव्हा तिचा हात स्थिर होता. पल्लवीचा पाय निघत नव्हता, तरी ती निघाली. तिच्याकडं वेळ नव्हता.

शंकरसिंग कारखान्याच्या मागच्या बाजूला सापडला. उसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि तो एका रिकाम्या बैलगाडीच्या सावलीत उकिडवा बसला होता. वाठोऱ्यांना पाहून तो पळाला नाही. दोन्ही हात पुढं केले.

"न्या मला. संतरामला सोडा."

वाठोरे पुढं झाले. पल्लवीनं त्यांना थांबवलं.

"आधी बोल. पिन घालायचं काम तुझ्याकडं होतं."

"व्हय."

"घातली नाहीस."

"न्हाई." तो रडायला लागला. पस्तिशीचा धट्टाकट्टा माणूस, खांदे हलवून रडत होता. "मामा म्हणले होते, सकाळी सहाला ये. माझी रात्रपाळी होती. गाळपाचे दिवस, पुढचा माणूस उशिरा आला. मी साडेसातला पोचलो. येऊन पाहतो तर दांड्याला चिंधी न्हाई. मला वाटलं मी उशीर केला म्हणून मामांनीच पिन घातली. इचारायला पाहिजे होतं. लाज वाटली, उशीर झाला होता म्हणून. आन् मामा मला बघून हसले. म्हणले, झालं का?"

"मग तू काय म्हणालास?"

"मी म्हणलो, व्हय मामा, झालं." त्यानं तोंड झाकलं. "मला वाटलं ते सगळ्याच तयारीचं इचारून राहिले."

वाठोरे पल्लवीकडं बघत राहिले. भीमराजनी चिंधी नाही म्हणून समजलं की शंकरसिंगनं पिन घातली. शंकरसिंगनं चिंधी नाही म्हणून समजलं की भीमराजनी घातली. बिजागऱ्यांच्या फटीवर कापडाची पट्टी चिकटवलेली असायची, त्यामुळं वरून काही दिसत नव्हतं. दांडा हलवून पाहिला तर फळी उलट हलकी चालली असणार.

"तू यायच्या आधी शेडमध्ये कोण होतं?"

"मामा धावपट्टीवरचे दगड येचत होते. शेडात मालक पूजा करून राहिले होते. मागच्या बारक्या दारानं आले होते. मोठं दार मीच उघडलं."

"मोठं दार कसं आहे? नीट चालतं?"

शंकरसिंग गोंधळला. हा काय प्रश्न?

"वरच्या पट्टीवर चाकांनी सरकतं. एका बोटानं ढकललं तरी जातंय. मामांनीच बसवलं होतं."

"विमान पडल्यावर तू शेडकडं गेलास?"

"मी? मी तर मामांना बाहेर काढत होतो. तिथून त्यांना मांडीवर घेऊन थेट जीपमध्ये. राणीमामी बी सोबतच."

वाठोऱ्यांनी पल्लवीला बाजूला घेतलं. आवाज खाली आणला.

"मॅडम, हा म्हणतो घातली नाही. ह्याच्यावर संशय घ्यायला एवढं पुरे आहे. खोटी पिन ह्यानंच टाकली असंल, स्वतःला वाचवायला."

"मांडीवर जखमी माणूस घेऊन?"

"मग उरतं कोण?"

 उरलेलं नाव दोघांनाही माहीत होतं, आणि त्या नावावर बोट ठेवायला वाठोरे कचरत होते. तातेरावांनी नऊ वर्षं भीमराजला जागा दिली होती, एक पैसा न घेता. दवाखान्यात काल ज्यांनी चक्कर येईपर्यंत रक्त दिलं, तेही तातेरावच.

५

रविवारी सकाळी शेडसमोर एक हवालदार खुर्ची टाकून बसला होता. शुक्रवारपासून त्याची तिथून हालचाल नव्हती. मोठं दार उघडंच होतं, शंकरसिंगनं ढकलून ठेवलं होतं तसं, उजव्या हाताच्या भिंतीलगत उभं.

तातेराव आत स्टुलावर बसले होते. साठीचे, उंच. पांढरा सदरा मळलेला. दोन दिवसांत दाढी वाढली होती.

"शस्त्रक्रिया झाली म्हणे?" त्यांनी पल्लवीला पाहताच विचारलं.

"झाली. अजून शुद्ध नाही."

त्यांनी डोळे मिटले. "माझं आयुष्य घ्या म्हणावं, त्याला उठवा. आमी दोघं एका वर्गात होतो, बाई. पाचवीत मास्तर आमाला विचारायचे, पुढं काय होणार. हा म्हणायचा, विमानवाला. सगळे हसायचे. मी हसलो न्हाई."

ते खरं बोलत होते, हे पल्लवीला दिसत होतं. म्हणूनच तिला तिथं उभं राहणं जड जात होतं.

ती शेडमध्ये फिरू लागली. इंजिन उचलायची साखळी आणि कप्पी होती. तिनं कप्पीचा दांडा मोजला. जाड होता. कोपऱ्यात विहिरीचा जुना रहाट पडला होता, त्याचा लोखंडी आस अंगठ्याएवढा. हातगाडीचं चाक पाहिलं, तेही नाही. तातेराव तिच्यामागं नजर फिरवत होते.

"काय शोधून राहिल्या?"

"गोल फिरणारं काहीतरी. बारीक पिनेवर फिरणारं."

 पल्लवी दारापर्यंत आली आणि वर पाहिलं. लोखंडी पट्टी, तिच्यावरून ते दहा फुटी पत्र्याचं दार लटकलेलं. वरचं चाक नीट दिसावं म्हणून दार थोडं पुढं सरकवायला तिनं हात उचलला.

"हात नका लावू!"

तातेराव स्टूल पाडून धावले होते. त्यांनी तिचा दंड धरून तिला इतक्या जोरात मागं ओढलं की ती जमिनीवर पडली.

"अंगावर येईल ते! दूर व्हा!"

वाठोरे आणि हवालदार दोघंही धावत आले. दार जागच्या जागी उभं होतं. हललंसुद्धा नव्हतं.

पल्लवी बसल्या जागेवरून तातेरावांकडं बघत राहिली. तिचं कोपर खरचटलं होतं, पण ते तिला नंतर कळलं.

"काका," ती म्हणाली, "शुक्रवारी सकाळी हे दार एका बोटानं सरकलं. त्यानंतर ह्याला कोणी हात लावला नाही, हवालदार इथंच बसून आहेत. मग आता ते अंगावर येईल, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

तातेराव मागं सरले आणि पडलेलं स्टूल उभं करू लागले. 

६

हवालदारानं शिडी लावली. पाठीमागच्या चाकात पिन नव्हती. तिथं वाकवलेली बारीक तार अडकवलेली होती, आणि अख्ख्या दाराचं वजन त्या तारेवर टेकलं होतं. पुढच्या चाकातली पिन दार टेकवून उतरवली, तर तिच्या मधोमध तशीच गोल खाच.

वाठोऱ्यांनी दोन्ही पिना तळहातावर शेजारी ठेवल्या. लांबी बरोबर सारखी.

"मी सांगते, चुकलं तर थांबवा," पल्लवी तातेरावांना म्हणाली. "पूजेच्या वेळी दांड्याला चिंधी होती. हार तुम्ही घातलात. चिंधीही तुम्हीच सोडलीत. विमान पडल्यावर सगळे तिकडं धावले, तुम्ही इकडं आलात. तेलाच्या वाटीत नवी पिन दिसली आणि सगळं कळलं. ती नवी पिन धावपट्टीवर टाकून चाललं नसतं. नवी, सरळ पिन सापडली असती तर प्रश्न निघाला असता, की बसवली कोणी, तपासली कोणी. प्रश्न शेडमध्येच राहिला असता, आणि फिरून चिंधीवर आला असता. जुनी पिन सापडली, की बोट थेट वसमतकडं जातं. पण विमानाच्या जुन्या पिना वसमतलाच होत्या. इथं तेवढ्या जाडीची एकच झिजलेली पिन होती."

 बाहेर वाऱ्यानं विमानाच्या फाटक्या कापडाचा आवाज येत होता.

"मला चिंधीचा अर्थ ठाऊक होता," तातेराव म्हणाले. "न्हाई म्हणून खोटं बोलणार न्हाई. नऊ वर्षं बघून राहिलो. पण फोटोवाला आला होता, पाहुणे फाटकापाशी होते, आन् देवाच्या हाराशेजारी ती तेलकट चिंधी. मनात आलं, पूजेपुरती सोडू, मग परत बांधू. खिशात घातली. तेवढ्यात पाहुण्यांनी हाक मारली."

"आणि विसरलात."

"विमान वर गेलं तेव्हा मी टाळ्या वाजवत होतो, बाई. खिशात चिंधी होती आन् मी टाळ्या वाजवत होतो."

त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

"ते पडलं तेव्हाच आठवलं. पळत आलो. वाटीत पिन.  वाटलं, माझ्या हातानं भीमराज मेला हे लोक म्हणतील. राणी म्हणंल. मग कायतरी करायचं म्हणून..."

"म्हणून संतराम."

"त्याचा चेहराबी माझ्यासमोर नव्हता. एवढंच सुचलं, की माझ्या बांधाच्या बाहेरचं कोणीतरी असावं."

"काका, चिंधी सोडली तेव्हा तुम्ही घाईत होतात," पल्लवी म्हणाली. "पण दारावर चढून पिन काढायला, तार वाकवायला, धावपट्टीपर्यंत चालत जायला वेळ लागतो. तेवढा वेळ तुम्हाला होता."

तातेरावांनी मान हलवली. व्हय, होता.

"नवी पिन कुठं आहे?" वाठोऱ्यांनी विचारलं.

"देव्हाऱ्यात. फेकायला गेलो धरणावर. हात उठला न्हाई."

७

त्याच दिवशी संध्याकाळच्या आत संतराम सुटला. पोलीस ठाण्यातून तो घरी न जाता नांदेडची बस पकडून दवाखान्यात गेला, आणि राणीच्या शेजारी बाकावर जाऊन बसला.  जेवणाचा डबा उघडून तिनं अर्धी भाकर त्याच्यापुढं ठेवली.

भीमराज सहाव्या दिवशी शुद्धीवर आले. डावा हात उचलत नव्हता, तोंडातून शब्द तुटक निघत होते, पण डोकं शाबूत होतं. त्यांनी पहिलं विचारलं ते विमानाचं नव्हतं.

"शंकर... कुठंय?"

शंकरसिंग दाराबाहेरच होता. आत जाऊन त्यानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. भीमराजनी उजव्या हातानं त्याचे केस ओढले, जोरात, शिक्षा करावी तसे, आणि मग हात तिथंच राहू दिला.

पल्लवीनं त्यांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ते छताकडं बघत ऐकत राहिले. मग म्हणाले, "तातेरावला... बोलवा."

तातेराव जामिनावर होते. ते आले, पण उंबरठ्याच्या आत पाऊल टाकेनात. राणीनं त्यांच्याकडं पाठ फिरवली.

"ये," भीमराज म्हणाले. "जवळ. मोठ्यानं... बोलता येत न्हाई मला."

तातेराव खाटेजवळ गुडघ्यांवर बसले. बोलायचा प्रयत्न केला, पण हुंदका आला.

"गप. ऐक." भीमराज थांबत थांबत बोलत होते. "चिंधी सोडली... ते मी सोडून दिलं. मी बी पट्टी उचलून... बघायला पाहिजे होतं. आपल्या दोघांचं ते... आपल्यात मिटलं."

तातेरावांनी त्यांचा हात धरला. भीमराजनी तो सोडवून घेतला.

"पण संतरामचं... मी कसं सोडू? दगड त्याच्या दुकानावर पडले. ते माझ्याकडं मागू नको."

संतराम बाहेर व्हरांड्यात खांबाला टेकून उभा होता. तातेराव त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि हात जोडून वाकायला लागले, तसा तो दोन पावलं मागं सरला.

"इथं नको, मालक. ह्या नांदेडात मला कोण ओळखतं?" त्याचा आवाज चढला नव्हता. "बाजाराच्या दिवशी वसमतला या. अकरा वाजता लई गर्दी असते."

पुढच्या बाजारी पल्लवी मुद्दाम गेली. हळदीचे ढीग लागले होते, बोली चालू होती. अकराच्या आधीच तातेराव एकटे चालत आले. संतरामच्या दुकानाला नवी फळी बसली होती. आत लेथ चालू होता. त्यांना पाहून संतरामनं मशीन बंद केलं आणि रस्त्याकडं बोट दाखवलं.

तातेराव रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. लोक थांबले. काहींनी अदबीनं नमस्कार केला. तातेरावांनी तो घेतला नाही. त्यांनी बोलायला सुरुवात केली, पण पहिल्या दोन वाक्यांत आवाज घशातच राहिला.

"ऐकू येईना, मालक," मागून कोणीतरी म्हणालं.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, घसा साफ केला, आणि पहिल्यापासून, मोठ्यानं सांगायला लागले.